‘सिंहासन’ : कर्जतच्या अंतरावरून

शेवट अज्ञात असला म्हणजे उत्कंठा निर्माण होते, असा एक सर्वसाधारण समज आहे. फ्रेडरिक फोर्साइथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) ह्या कादंबरीने व तीवरून फ्रेड झिनेमनने १९७३ साली काढलेल्या चित्रपटाने तो खोटा ठरविला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले नाहीत, हे वाचकाला पहिल्या पानापासूनच ठाऊक असते. तरीही त्याचा श्वास रोखला जातो. तेथे शेवट ज्ञात आहे, पण तो महत्त्वाचा आहे. मराठीतील राजकीय चित्रपटांत अभिजात म्हणावा अशा ‘सिंहासन’मध्ये (१९७९) नेमके उलट घडते. शेवट अज्ञात आहे, पण तो महत्त्वाचा नाही. कोणीही जिंकले तरी फरक पडणार नाही, हे प्रेक्षकाला मध्यंतरापूर्वीच उमगते आणि तरी तो जागचा हलत नाही. ही उत्कंठा कोणत्या जातीची, हा प्रश्न आहे.

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ ह्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा रचली. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. ‘सिंहासन’ ही कादंबरी १९७७ ची आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ स्वकीयांच्या फुटीमुळे कोसळले व शरद पवार मुख्यमंत्री झाले. साहजिकच १९७९ च्या प्रेक्षकाने चित्रपटाकडे ताज्या घटनेची प्रतिमा म्हणून पाहिले. कादंबरी आधीची आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळदा विसरली जाते. साधू भविष्यवादी नव्हते, पत्रकार होते. जे घडून गेले त्यापेक्षा जे घडण्याची रीत आहे ते त्यांनी लिहिले, आणि रीत टिकून राहिल्यामुळे घटना मागाहून आली.

चित्रपटात गोळी सुटत नाही. आपल्याविरुद्ध कट शिजत असल्याची कुणकुण मुख्यमंत्री जिवाजीरावांना (अरुण सरनाईक) निनावी दूरध्वनीने लागते, आणि तेथून सारे नाट्य संख्येचे होते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत ‘कोणी केले’ हा प्रश्न असे. येथे ‘किती आणि कोणाकडे’ हा आहे. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) आणि कामगारपुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) यांच्या हालचाली, दालनांतील कुजबुज, दूरध्वनीवरची अर्धी वाक्ये यांतून तेंडुलकर ही मोजणी पुढे नेतात. कादंबरीतील पात्रांचे मनोगत पडद्यावर येऊ शकत नाही. त्याची जागा चेहऱ्यांनी घेतली आहे. सरनाईकांच्या मुख्यमंत्र्याचा थकवा हा त्यांतला सर्वांत बोलका. ह्या एका बाबतीत चित्रपट कादंबरीच्या पुढे जातो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पटेल–तेंडुलकरांच्या आधीच्या ‘सामना’ (१९७५) ह्या चित्रपटाशी तुलना केली असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेथे निळू फुले सत्ताधीश होते व लागू सत्तेला प्रश्न विचारणारे मास्तर. येथे लागू कट रचतात आणि फुले पत्रकार दिगू टिपणीस होऊन तो पाहतात. नटांची ही अदलाबदल केवळ चातुर्याची नव्हे. ‘सामना’तील सत्तेला गाव होते, साखर कारखाना होता, एका माणसाच्या खुनाचा जाब होता. ‘सिंहासन’मध्ये गाव नाहीसे झाले आहे, गावाने निवडून दिलेला माणूस तेवढा उरला आहे, आणि तोही आकडा म्हणून.

येथे कर्जतकडे वळणे उपयुक्त ठरेल. चित्रपटाच्या संदर्भात कर्जत म्हटले की रायगड जिल्ह्यातील कर्जत व तेथील स्टुडिओ आठवतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, कर्जतला असे काही नाही. भीमा आणि सीना यांच्यामधला, ज्वारीचा, पर्जन्यछायेतला हा तालुका. कुकडीच्या कालव्याचे पाणी शेवटी त्याच्याकडे पोहोचायचे. दिग्दर्शक पटेल हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांचे रुग्णालय कर्जतपासून फार लांब नसलेल्या दौंडला होते. ह्या मुलखाची ओळख त्यांना नव्हती असे म्हणता येणार नाही. म्हणूनच चित्रपटातील ही अनुपस्थिती अज्ञानाची नसून निवडीची ठरते. दालनांतील माणसांना तालुका दिसत नाही, म्हणून प्रेक्षकालाही तो दिसू द्यायचा नाही. ही निवड कलेच्या दृष्टीने समर्थनीय आहे, यात शंका नाही.

परंतु तिची किंमत मोजावी लागली आहे. ज्या वर्षी ‘सिंहासन’ ही कादंबरी आली त्याच १९७७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला; चित्रपटाच्याच वर्षी, २६ जानेवारी १९७९ पासून, तो अंमलात आला. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या कामांना त्यामुळे हक्काचे रूप मिळाले. त्यासाठी लागणाऱ्या पैशाकरिता १९७५ च्या कायद्याने पगारदारांवर व्यवसाय कर बसला होता. दिगू टिपणीस खरा असता तर त्याच्या मुंबईतल्या वेतनातूनही कर्जतसारख्या तालुक्यात पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या मजुरीचा वाटा कापला गेला असता. म्हणजे ज्या सभागृहात चित्रपट निव्वळ मोजणी पाहतो तेथेच, त्याच माणसांकडून, तालुक्याचे जगणे बदलणारी गोष्टही झाली. कोणीही जिंकले तरी सारखेच, हे चित्रपटाचे गृहीत येथे अपुरे पडते. रोजगार हमीत गैरव्यवहारही पुष्कळ झाले हे खरे. साधूंच्या पात्रांना त्यांत आश्चर्य वाटले नसते. तरी खडी फोडून संध्याकाळी मजुरी घरी नेणाऱ्याला कायदा असणे आणि नसणे यांतला फरक कळत होता.

शेवटी भर रस्त्यात दिगूचे भान हरपते. हा प्रसंग निळू फुल्यांच्या अभिनयसामर्थ्याने अविस्मरणीय झाला आहे, आणि बहुतेक समीक्षकांनी त्याला चित्रपटाचा नैतिक कळस मानले आहे. त्याविषयी थोडा संशय बाळगणे इष्ट. दिगूला सर्व काही माहीत असते. छापण्याजोगे त्यातले थोडे असते, आणि करण्याजोगे काहीच नसते. प्रेक्षकालाही चित्रपटाने हीच जागा दिली आहे. त्यामुळे दिगूचे वेड हे प्रेक्षकाचेही निर्दोषत्व ठरते: इतके पाहिल्यावर माणूस दुसरे काय करणार? ही सुटका पांढरपेशाची आहे. दुष्काळी कामावरच्या मजुराला वेड लागण्याची सवड नसते. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर नाव लागले पाहिजे.

मोजणीची रीत मात्र मुंबईपुरती राहिलेली नाही. २०२५ साली कर्जतच्या नगरपंचायतीत सत्तांतर झाले, तेही निवडणुकीने नव्हे, सदस्यांनी बाजू बदलल्याने. तेथील मतदाराने ‘सिंहासन’ पाहिला तर विश्वासराव दाभाडे त्याला परका वाटणार नाही. दिगू टिपणीस कदाचित वाटेल. कारण ह्या मतदाराला कुकडीचे आवर्तन कधी सुटणार, हे त्याच बाजू बदलणाऱ्या माणसांना जाऊन विचारायचे असते.