कापडावर उतरलेला माणूस

छायाचित्र मोठे करून कॅनव्हासवर छापले की त्याची कलाकृती होते, ही समजूत आता आपल्या चळवळीच्या प्रदर्शनांतही शिरली आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील मुलांनी वर्गणी काढून वस्तीतील माणसांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. सहा-सहा फुटी प्रिंट, जाड विणीचा कॅनव्हास. दुरून सारे भव्य दिसत होते. जवळ गेलो, तर एका म्हाताऱ्या बाईच्या तळहातावरच्या भेगाच दिसेनात. भेगांच्या जागी कापडाचे उभे-आडवे धागे होते.

याला केवळ तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येणार नाही. कॅनव्हासची प्रतिष्ठा ही तैलचित्राची, राजेरजवाड्यांच्या तसबिरींची प्रतिष्ठा आहे. छायाचित्राचे मूल्य वेगळे आहे. ते साक्ष देते. साक्षीदाराला दरबारी अंगरखा चढवून उभे करण्याची गरज काय? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची काढलेली कृष्णधवल छायाचित्रे आठवावीत. तिथे घाण कुठे संपते आणि माणसाची कातडी कुठे सुरू होते, हे काळ्या रंगाच्या बारीक छटांवरच कळते. असे चित्र खरबरीत, मॅट कॅनव्हासवर छापले तर काळा रंग तितका खोल उतरत नाही, छटा एकमेकींत मिसळतात. वर वार्निश दिल्याने थोडा फरक पडतो. पण विणीने खाल्लेला तपशील परत येत नाही.

तरीही कापड वापरूच नये असे मी म्हणणार नाही. आपले झेंडे आणि फलक कापडाचेच होते. काचेची जड चौकट खेड्यातल्या समाजमंदिरापर्यंत कोण वाहून नेणार? कापडाची प्रिंट छापलेली बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळली की एसटीने नेता येते. फ्लेक्सही नेता येतो, परंतु तो पीव्हीसीचा. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू निघून जाते आणि तो ताठरतो, तडकतो. १४ एप्रिलच्या कमानीला तो ठीक आहे. आठवण जपायला नाही.

आमच्या दुकानदाराने आम्हाला ‘आर्काइव्हल’ हा शब्द ऐकवला होता. शंभर वर्षे टिकेल म्हणाला. कापड सुती की पॉलिएस्टर, हे विचारल्यावर मात्र गप्प! शब्दाचा दरारा निर्माण करून प्रश्न बंद करण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. म्हणून प्रश्न विचारलेच पाहिजेत. सुती कापड आम्लमुक्त आहे का? ते पावसाळी दमट हवेत ताण बदलते, चौकटीवर सैल पडते. पॉलिएस्टर त्या मानाने स्थिर राहते. शाई पिगमेंटची आहे की डायची? डायची सहसा लवकर उडते. कापड जास्त पांढरे दिसावे म्हणून त्यात रसायन घातले आहे का? धुतलेल्या कपड्यांना नीळ द्यावी, तशातलाच हा प्रकार. उजेडाने त्याचा प्रभाव ओसरतो आणि पांढरा भाग पिवळट पडतो. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली असे कापड निळसर चमकते. एवढी परीक्षा कोणीही करू शकेल.

आणि ती शंभर वर्षे कोणत्या भिंतीवर मोजलेली? अशा चाचण्यांत एक प्रचलित गृहीतक दिवसाला बारा तास, ४५० लक्स उजेडाचे आहे. आमच्या सभागृहात दुपारचे थेट ऊन येते. ते हजारो लक्स भरते.

त्या बाईचे चित्र आम्ही पुन्हा छापून घेतले. बारीक विणीचे, झळाळी न आणलेले कापड, पिगमेंटची शाई. भेगा दिसतात. कापड किंचित पिवळसर आहे, मुलांना ते आधी मळकट वाटले. उरलेल्या प्रिंट मात्र जुन्याच कॅनव्हासवर आहेत, कारण वर्गणी संपली. त्यांच्या मूळ फाइली तेवढ्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत.