ना. वा. टिळकांच्या ख्रिस्तविचारातील श्रद्धा : अर्थ आणि मर्यादा

ख्रिस्ती धर्मविचारात श्रद्धा म्हणजे केवळ ईश्वराचे अस्तित्व मान्य करणे नव्हे. नव्या करारातील ‘पिस्टिस’ या ग्रीक शब्दात विश्वास, भरवसा आणि निष्ठा या तिन्ही छटा आहेत. मराठी बायबलने त्यासाठी ‘विश्वास’ हा शब्द रूढ केला. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी मात्र या आशयाला वारकरी भक्तीची भाषा दिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी अभंग सोडला नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. पौलाच्या मते विश्वासाचा आधार देवाची कृपा आहे, माणसाची उत्कटता नव्हे. मग भाषेबरोबर अर्थही बदलला काय? तुकारामांच्या अभंगांतही कृपेचीच याचना आहे, हे लक्षात घेता हा आक्षेप बराचसा गळून पडतो.

खरी मर्यादा अन्यत्र आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी त्यात एकत्र यावे, ही त्यांची कल्पना. येथे श्रद्धा म्हणजे सभासदत्व नसून निष्ठा ठरते. परंतु त्यांच्या निधनानंतर दरबार टिकला नाही. याउलट सांगली जिल्ह्यातील मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयाने त्यांच्या पश्चातही अनेक दशके रुग्णसेवा केली. याकोबाच्या पत्रातील कृतीचा आग्रह तेथे संस्थारूपाने साकार झाला.

सारांश, टिळकांनी श्रद्धेला मराठी अंतःकरण दिले. तिला टिकाऊ सामूहिक देह मात्र त्यांना देता आला नाही.