सुजाताचे रक्त, जब्याचा दगड

चित्रपटातील दलित व्यक्तिरेखेविषयी आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो: दिग्दर्शकाला तिच्याबद्दल सहानुभूती आहे का? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. माणूस म्हणून स्वीकारले जाण्यासाठी त्या व्यक्तिरेखेला काय सिद्ध करावे लागते, हे पाहिले पाहिजे.

बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ची (१९५९) नायिका अस्पृश्य घरात जन्मलेली आणि ब्राह्मण कुटुंबात वाढलेली. तिला वाढवणारी चारू तिची ओळख ‘मुलगी’ अशी नव्हे, तर ‘मुलीसारखी’ अशी करून देते. सारा चित्रपट त्या ‘सारखी’वर उभा आहे. नूतनची सुजाता सोशिक, कामसू, अबोल. तरी तो शब्द गळत नाही. सुलोचनाबाईंनी साकारलेली चारू जिन्यावरून पडते, रक्ताची गरज लागते आणि सुजाताचेच रक्त जुळते, तेव्हा कुठे तो गळतो. रक्ताला जात नसते, हे सांगण्याचा हेतू प्रामाणिकच आहे. पण रक्त जुळले नसते तर? मुलगी होण्याची किंमत इथे मुलीनेच मोजायची आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (२०१३) जब्या सद्गुणांचा पुतळा नाही. तो काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो, शालूच्या नजरेत भरावे म्हणून धडपडतो. बापाबरोबर डुकरे धरताना कुणी पाहू नये म्हणून आडोसा शोधतो. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. घरातला हा साधा शब्द गावाच्या तोंडी शिवी होतो. शेवटच्या प्रसंगात गाव जमून ती धरपकड करमणूक म्हणून पाहते. आपणही तेच पाहत बसलेलो असतो. जब्याने भिरकावलेला दगड मग थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो.

या दगडाला विद्रोह म्हटले जाते, ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सुजाता रक्त देते, म्हणून प्रेक्षक डोळे पुसत, समाधानाने घरी जातो. जब्या त्याला असे समाधान देत नाही. चांगुलपणाचा दाखला न देताही आपण माणूस आहोत, हे तो गृहीत धरतो.

म्हणून ‘सुजाता’ मोडीत काढावा, असे मी म्हणणार नाही. धोका पुढेही आहे. उद्या ‘संतापलेला दलित’ हाही टाळ्या घेणारा साचा होईल आणि सोशिकपणाच्या जागी संताप सिद्ध करावा लागेल. दलित पात्राला पडद्यावर नुसते साधे, चुकणारे, हसणारे असता आले पाहिजे. ती मोकळीक सवर्ण पात्रांना पहिल्यापासून न मागता मिळत आली आहे.