स्तनरोपणे आणि ‘पुरावा नाही’चा अर्थ

सिलिकोनच्या स्तनरोपणांवरील अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा १९९९ चा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. रोपणांमुळे संधिवातासारखे सर्वांगीण आजार होतात याला पुरावा नाही. खरा त्रास स्थानिक, म्हणजे रोपण फाटणे, भोवतीचे आवरण आवळणे, पुन्हा शस्त्रक्रिया, असे तो सांगतो. (जाहिरातीत नेमके हेच नसते!) न्यायालयीन गदारोळात हा विवेक मोलाचा होता.

कर्करोगाबाबत मात्र अहवाल अपुरा ठरला. खरखरीत पृष्ठभागाच्या रोपणांभोवती होणारा दुर्मीळ लिम्फोमा बहुधा आठ-दहा वर्षांनी प्रकटतो. २०११ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याबद्दल सावध केले. २०१९ मध्ये ॲलर्गनने अशी रोपणे जगभरातून परत मागवली. दोष समितीचा नव्हे, साधनाचा. इतका विरळा रोग लहान पाहणीत सापडणार कसा? त्यासाठी प्रत्येक रोपणाची नोंद हवी.

आपले घोडे इथेच अडते. २०१० मध्ये परत मागवलेले एएसआर खुब्याचे सांधे भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पोलिसांत तक्रार केली, तरी बहुतेक रुग्णांचा माग लागलाच नाही. स्तनाची पुनर्रचना करून घेणाऱ्या बाईने म्हणूनच रोपणाचा क्रमांक असलेले कार्ड स्वतःकडे ठेवावे आणि अनेक वर्षांनी सूज आली तरी डॉक्टरांना दाखवावी.