सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र (१९७९) : विधी-अभ्यासकांची भूमिका आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

गोंदिया–चांदाफोर्ट लोहमार्गावर सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी गाडी अर्जुनी मोरगावनंतर वडसा येथे पोहोचते. वडसा म्हणजेच देसाईगंज हे गाव आज झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांसाठी ओळखले जाते. देशभरातील विधी महाविद्यालयांत मात्र ते वेगळ्या कारणाने माहीत आहे. येथील पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर ठेवण्यात आला. त्या खटल्याच्या अंतिम निकालावर चार विधी-अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मानवी हक्क, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि प्रसारमाध्यमांचे नियमन हे तिन्ही प्रश्न या एका पत्राभोवती एकत्र आलेले दिसतात. या पत्राचा गौरव पुष्कळ झाला आहे. त्याची चिकित्सा त्या मानाने कमी झाली आहे. ती करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विधी-वाङ्मयात हा खटला त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. या लेखात ते नाव घेतलेले नाही. त्याचे कारण पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

खटल्याची पार्श्वभूमी

घटनेच्या वेळी मुलीचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती १९८२ मध्ये झाली. सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. मुलीच्या पूर्वायुष्याविषयीचे अनुमान आणि तिच्या सत्यवचनीपणाविषयीची शंका यांवर तो निकाल आधारलेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरविला. एका आरोपीस पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. भीतीपोटी केलेले निमूट समर्पण म्हणजे संमती नव्हे, हे नागपूर खंडपीठाचे सूत्र होते. पोलीस ठाण्यात, अपरात्री, गणवेशातील माणसांसमोर उभ्या असलेल्या मुलीची स्थिती त्या सूत्रात लक्षात घेतलेली होती.

सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम व अन्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपिलात दोघांचीही मुक्तता केली. न्या. जसवंत सिंग, न्या. पी. एस. कैलासम आणि न्या. ए. डी. कोशल यांचे ते पीठ होते. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत आणि कायद्याला अपेक्षित असलेली मृत्यूची अथवा इजेची भीती सिद्ध झालेली नाही, असा या निकालाचा युक्तिवाद होता.

खुल्या पत्राचे स्वरूप

या निकालानंतर एक वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांना उद्देशून पत्र लिहिले. पहिले तिघे दिल्ली विद्यापीठात विधीचे अध्यापन करीत होते; धागमवार पुण्याच्या होत्या. पुढे हे पत्र ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या निर्णयपत्रिकेच्या लेखविभागातही प्रसिद्ध झाले.

पत्राचे सामर्थ्य त्याच्या विधीविषयक नेमकेपणात आहे. संमतीत समर्पण असते. पण प्रत्येक समर्पणात संमती असते असे नाही, हा भेद पत्रलेखकांनी ठामपणे मांडला. पोलीस ठाण्यात अडकलेल्या मुलीने आरडाओरड करून मदत मागावी, अशी अपेक्षा न्यायालय करते काय, असा थेट प्रश्न त्यांनी विचारला. १९७८ च्याच नंदिनी सत्पथी प्रकरणात स्त्रियांना पोलीस ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर न्यायालयानेच कठोर टीका केली होती, याचीही त्यांनी आठवण करून दिली. न्यायमूर्तींनी गरिबांचा वेष घेऊन देसाईगंजच्या परिसरातील गावांना व ग्रामीण पोलीस ठाण्यांना भेट द्यावी, अशी सूचनाही त्यात होती. ही सूचना वरकरणी उपरोधिक वाटते. तिचा खरा रोख मात्र न्यायनिर्णयातील पुराव्याच्या आकलनावर आहे. ठाण्याच्या भिंतीआड काय घडू शकते याची कल्पना नसेल, तर जखमांच्या अभावाचा अर्थ चुकीचा लावला जाणारच, हे त्यातून सूचित होते.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न

न्यायालयाच्या निकालाविषयी सरन्यायाधीशांनाच जाहीरपणे प्रश्न विचारणे हे तेव्हा सोपे नव्हते. न्यायव्यवस्थेविषयी केलेल्या वक्तव्याबद्दल ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांना सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये अवमानासाठी दोषी धरले होते. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ५ ने अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणावरील रास्त टीकेला संरक्षण दिले होते. परंतु ‘रास्त’ म्हणजे काय हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाकडेच होता. आणीबाणीतील हेबियस कॉर्पस निकालाला (१९७६) तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि त्या निकालातील बहुमतात न्या. चंद्रचूड यांचाही समावेश होता.

अशा काळात विद्यापीठातील प्राध्यापकांनी निकालाची भाषा, तर्क आणि गृहीतके तपासली, आणि ती तपासणी समाजासमोर ठेवली. निकाल अंतिम असतो, पण तो चर्चेपलीकडे नसतो, हे तत्त्व या पत्राने कृतीतून प्रस्थापित केले. विधी-संशोधन हे केवळ निकालांचे संकलन नसून निकालांना उत्तरदायी ठरविणारे कार्य आहे, ही जाणीव भारतीय विद्यापीठांत रुजविण्यात या पत्राचा वाटा मोठा आहे.

पत्राचे परिणाम आणि माध्यम-नियमन

पत्रानंतर १९८० च्या प्रारंभी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रीसंघटनांनी आंदोलने केली. निकालाच्या फेरविचाराची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही; परंतु विधी आयोगाचा ८४ वा अहवाल एप्रिल १९८० मध्ये सादर झाला आणि फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम, १९८३ संमत झाला. कोठडीतील बलात्कारासाठी स्वतंत्र तरतूद झाली. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असे गृहीत धरणारे कलम ११४-अ पुरावा कायद्यात आले. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे मात्र कायद्यात स्पष्टपणे नमूद होण्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले.

याच १९८३ च्या अधिनियमाने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ समाविष्ट केले. पीडित स्त्रीची ओळख उघड होईल असा मजकूर छापणे अथवा प्रसिद्ध करणे दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरले. बलात्काराचे खटले बंद न्यायदालनात चालविण्याचीही तरतूद झाली. ही ओळखविषयक तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे.

येथे एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्या पत्रामुळे ही सुधारणा शक्य झाली, त्या पत्रात मुलीचे नाव वारंवार आले आहे. हे कलम १९७९ मध्ये अस्तित्वात असते, तर तिच्या लेखी परवानगीविना ते पत्र आहे त्या स्वरूपात छापणे हाच गुन्हा ठरला असता. उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निकालपत्रांना मात्र या कलमातून वगळण्यात आले. परिणामी नियमन वृत्तपत्रांवर आले, आणि निकालसंग्रहांतून व पाठ्यपुस्तकांतून ते नाव तसेच फिरत राहिले. निकालपत्रातही नाव टाळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टराजा प्रकरणात (२००३) सांगितले, आणि निपुण सक्सेना प्रकरणात (२०१८) ओळख लपविण्याचे दंडक अधिक कडक केले. तोपर्यंत या मुलीचे नाव एका खटल्याचे शीर्षक होऊन गेले होते. अधिकृत शीर्षकात नाव आहे ते एका आरोपीचे. अभ्यासकांच्या तोंडी रूढ झाले ते तिचे.

पत्राच्या मर्यादा

या पार्श्वभूमीवर पत्राच्या दोन मर्यादा नोंदविता येतात. पहिली मर्यादा नावाची. पत्रलेखकांचा हेतू निःसंशय सहानुभूतीचा होता, आणि तत्कालीन कायद्यात त्यास बंदीही नव्हती. तथापि ज्या अभ्यासकांनी संमतीचा प्रश्न इतक्या बारकाईने मांडला, त्यांनी नाव वापरण्याच्या संमतीचा प्रश्न उपस्थित केला नाही.

दुसरी मर्यादा आवाजाची. पत्रातील मुलगी निकालपत्रातून आलेली आहे. तिची मराठी साक्ष इंग्रजी निकालपत्रात उतरली. त्या निकालपत्रावर इंग्रजीत पत्र लिहिले गेले, आणि त्या पत्रावर पुढचे संशोधन उभे राहिले. प्रत्येक टप्प्यावर तिच्याविषयी बोलणाऱ्यांची संख्या वाढली; तिला स्वतःला काय म्हणायचे होते, ते या परंपरेत मागेच राहिले.

नाव लपविणे हाही या प्रश्नाचा परिपूर्ण उपाय नाही. दिल्लीतील २०१२ च्या घटनेतील तरुणीच्या आईने डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या मुलीचे नाव जाहीर सभेत उच्चारले. लाज गुन्हेगारांना वाटली पाहिजे, अशी तिची भूमिका होती. म्हणजे नाव झाकणे हे संरक्षण असू शकते, तसेच ते लादलेले मौनही असू शकते. कलमातील लेखी परवानगीची तरतूद म्हणूनच मोलाची ठरते. नाव सांगायचे की नाही, हा निर्णय मुळात त्या स्त्रीच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तो वृत्तपत्राचा नाही, न्यायालयाचा नाही आणि संशोधकाचाही नाही.

समारोप

खुल्या पत्राने न्यायालयाला उत्तरदायी ठरविण्याचा मार्ग अभ्यासकांना दाखविला. तोच निकष अभ्यासकांनी स्वतःच्या लेखनालाही लावणे, हा त्या पत्राचा खरा वारसा होय. झाडीपट्टीतील महाविद्यालयांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दिल्लीच्या वर्गात ते नाव एक संज्ञा असते. या भागात मात्र ते कोणाच्या तरी शेजारणीचे, नातलगाचे नाव असू शकते. म्हणून येथील वर्गात हा खटला शिकविताना अधिकृत शीर्षकाचा वापर करावा, खुल्या पत्रासोबत नागपूर खंडपीठाचा निकालही वाचावा, आणि पत्रात कोण बोलते व कोण बोलत नाही याची चर्चा विद्यार्थ्यांना करू द्यावी. एका गावावरून गेलेल्या खटल्याचा अभ्यास त्या गावाच्या जवळ बसून करताना एवढी काळजी घेणे अगत्याचे आहे.