सूर्याची वेळ पाळणारं काँक्रीट

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ल्यूसिन या ओसाड वस्तीजवळच्या वाळवंटात काँक्रीटचे चार अजस्र पाइप आडवे ठेवलेले आहेत. लांबी १८ फूट, बाहेरचा व्यास ९ फुटांहून किंचित जास्त, वजन प्रत्येकी सुमारे २२ टन. नॅन्सी होल्ट या शिल्पकर्तीचं हे ‘सन टनेल्स’, १९७३ ते १९७६ या काळात घडलेलं. त्यासाठी तिनं इथली ४० एकर जमीन विकत घेतली.

प्राचीन शिलास्मारकांनी भारावलेले कलावंत अनेकदा त्यांचं रूप उचलतात: उभे पाषाण, वर्तुळं, रचलेल्या राशी. होल्टनं रूपाला हातच लावला नाही. तिनं त्या दगडांचं काम उचललं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचा मुख्य अक्ष उत्तरायणाच्या अखेरच्या सूर्योदयाकडे आणि उलट दिशेला दक्षिणायनाच्या अखेरच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. ‘सन टनेल्स’मधल्या समोरासमोरच्या दोन बोगद्यांची ओळ नेमकं हेच करते. तिला छेदणारी दुसरी ओळ उरलेले दोन क्षण पकडते: उन्हाळ्यातला सूर्यास्त, हिवाळ्यातला सूर्योदय. दोन्ही मिळून जमिनीवर एक मोकळी फुली उमटते, मधला भाग रिकामा. अयनदिनाच्या आधी आणि नंतर दहाएक दिवस सूर्यबिंब बोगद्याच्या गोलात येऊन बसतं.

पण ही कलाकृती वर्षातून दोनदाच जागी होते असं नाही. प्रत्येक बोगद्याच्या वरच्या भागात एकेका तारकासमूहाच्या आकृतीत भोकं पाडली आहेत: कालेय, ययाती, कपोत आणि मकर. जितका तारा तेजस्वी, तितकं भोक मोठं. भर दुपारी आत उभं राहिलं की ऊन या भोकांतून खाली उतरतं आणि पायांशी तारे पडतात. सूर्य सरकतो तसे ते वक्र भिंतीवरून चालू लागतात, ताणले जातात, लंबगोल होतात. सूर्य हाही एक ताराच, आणि इथे त्याच्याच प्रकाशानं दूरच्या ताऱ्यांची चित्रं काढली जातात. ज्या उन्हामुळे दिवसा नक्षत्रं दिसत नाहीत, तेच ऊन इथे त्यांना दिसतं करतं. या कल्पनेचं सौंदर्य मला अपूर्व वाटतं.

काँक्रीटची निवडही तितकीच विचारपूर्वक. कारखान्यातला हा पदार्थ प्राचीनतेचा आव आणत नाही. बाहेरून हे पाइप एखाद्या अर्धवट राहिलेल्या बांधकामाचे वाटतात. त्या रुक्षपणामुळेच आतला प्रकाश अधिक भिडतो. सपाट मैदानात नजर कुठे ठरत नाही. बोगद्यात शिरलं की डोंगररांगेचा एक तुकडा गोल चौकटीत येतो आणि अफाट अंतर माणसाच्या मापाचं होतं.

या कामामागे खगोलशास्त्रज्ञ, अभियंते, सुतार, ट्रकचालक, क्रेनचालक असे कितीतरी हात होते, आणि १९७८च्या आपल्या चित्रपटात होल्टनं ही घडण टिपून ठेवली. स्टोनहेंजचे पाषाण ओढून आणणाऱ्यांची नावं काळानं पुसली. या कलावतीनं श्रमाला कलाकृतीच्या कथेत जागा दिली. प्राचीनांकडून तिनं घेतलं ते असं सगळं: आकाशाचं गणित, अनेकांची मेहनत आणि मोकळ्या भूमीवरचा विश्वास. म्हणूनच ‘सन टनेल्स’ स्टोनहेंजची नक्कल न ठरता त्याचा खरा वारस ठरतं.