पौर्णिमेचा चंद्र आणि चतुर्थीचे प्रवाळ

प्रवाळांच्या सामूहिक विणीच्या चित्रफिती आता अनेक शाळांतून दाखवल्या जातात. त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. प्रथम समुद्रावर उगवणारा पूर्णचंद्र आणि त्याची पाण्यावरची रुपेरी वाट. मग दिवे घेऊन काळ्याभोर पाण्यात उतरणारे पाणबुडे. मग प्रवाळांच्या इवल्या तोंडांशी फुगून आलेले गुलाबी मणी, आणि शेवटी ते मणी हजारोंच्या संख्येने सुटून वर जाऊ लागतात. पाऊस उलटा पडावा तसे. संगीत चढत जाते आणि निवेदक सांगतो की वर्षातून एकाच रात्री, चंद्राची आज्ञा होताच, सगळे प्रवाळ एकदम प्रजनन करतात.

दृश्य खरे आहे, सुंदरही आहे. ते टिपण्यासाठी माणसे रात्रीमागून रात्री पाण्यात काढतात, याची आम्हाला कल्पना आहे. आमची तक्रार निवेदकाच्या त्या एका वाक्याविषयी आहे. 'एकाच रात्री', 'चंद्राची आज्ञा', 'सगळे प्रवाळ' हे तिन्ही शब्दप्रयोग तपासून पाहण्याजोगे आहेत.

चंद्रापासूनच सुरुवात करू. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ही वीण पौर्णिमेला होत नाही. ती पौर्णिमेनंतर काही रात्रींनी, बहुतेक चौथ्या ते सहाव्या रात्रीच्या सुमारास, सूर्यास्तानंतर काही तासांनी होते. आपल्या भाषेत सांगायचे तर वद्य चतुर्थी ते षष्ठी. आता संकष्टीचा उपास करणाऱ्या कोणत्याही घरातील मुलाला विचारा, त्या रात्री चंद्र कधी दिसतो? जेवायला नऊ-साडेनऊ का वाजतात, हे त्याला चांगले ठाऊक असते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि नंतर रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा. म्हणजे ज्या वेळी प्रवाळ आपली बीजे सोडतात, त्या वेळी आकाशात चंद्र बहुधा नसतो, किंवा नुकताच वर येत असतो. पूर्णचंद्राच्या दृश्याला जोडूनच विणीचे दृश्य दाखवणारा संकलक चार-पाच रात्री कापून टाकतो, आणि त्या चार-पाच रात्रींतच तर सारी गंमत आहे.

तैवानमधील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. डिप्सॅस्ट्रिया स्पेसिओसा या जातीच्या प्रवाळांवर त्यांनी प्रयोग केले. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्या मधला काळोख हाच या जातीला विणीचा इशारा ठरतो, असे त्यांना आढळले. संध्याकाळी लगेच मिळणारे चांदणे विणीला थोपवून धरते. पौर्णिमा उलटली की चंद्रोदय लांबतो, रात्रीच्या आरंभी काळोखाची एक फट पडते, आणि मग काही रात्रींनी प्रवाळ मोकळे होतात. तेव्हा आज्ञा द्यायचीच झाली तर ती चंद्र देत नाही, चंद्राची अनुपस्थिती देते. हा निष्कर्ष एका जातीवरच्या प्रयोगांचा आहे, तो सर्व जातींना लावू नये. पण घरातल्या दिनदर्शिकेवर छापलेल्या चंद्रोदयाच्या वेळा घेऊन ही फट किती मिनिटांची, याचा आलेख नववीचा विद्यार्थी काढू शकेल. आमच्या मते तो आलेख चित्रफितीपेक्षा अधिक शिकवील.

कोकणातल्या शिक्षकांना यात आणखी एक गोष्ट दिसेल. पौर्णिमेच्या उधाणानंतर पाण्याची चढउतार कमी होत अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. पाण्याची घुसळण कमी असेल तर सोडलेली बीजे लवकर विखुरत नाहीत. विणीचे दिवस भांगाकडे कललेले असण्यामागे हेही कारण असावे, असे काही अभ्यासक मानतात.

आता 'सगळे प्रवाळ'. येथे एका जुन्या निबंधाकडे वळावे लागेल. पीटर हॅरिसन, रसेल बॅबकॉक, गॉर्डन बुल, जेम्स ऑलिव्हर, कार्डेन वॉलेस आणि बेट विलिस या सहा जणांचा हा निबंध १९८४ साली 'सायन्स' साप्ताहिकात आला. १९८१ आणि १९८२ या दोन वर्षी ग्रेट बॅरिअर रीफवरील तीन ठिकाणी ३२ जातींचे प्रवाळ वसंताच्या अखेरच्या पौर्णिमांनंतर काही रात्रींनी एका वेळी विताना पाहिल्याची नोंद त्यात आहे. (तिकडचा वसंत म्हणजे आपला ऑक्टोबर-नोव्हेंबर.) चार पानांच्या या निबंधाने पाठ्यपुस्तकातले एक विधान मोडीत काढले. बहुतेक प्रवाळांत फलन शरीरातच होते आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या बाहेर पडतात, असे तोवर शिकवले जाई. या ३२ जातींपैकी प्रत्येकीने अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले; फलन बाहेरच झाले. पुढील अभ्यासांत अशा जातींची संख्या शंभराच्या वर गेली.

जुने विधान चुकले तरी ते आळशी लोकांनी केलेले नव्हते. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश संशोधकांनी याच रीफवर, लो आइल्स या बेटांवर, तळ ठोकला होता. पोसिलोपोरा हा प्रवाळ चंद्रकलांच्या तालावर अळ्या सोडतो, हे तेथे बारकाईने नोंदवले गेले. अडचण अशी की जो प्रवाळ महिन्यामागून महिने अळ्या सोडतो तो अभ्यासकाच्या भांड्यात हमखास सापडतो. जो वर्षातून एखादी रात्रच वितो तो हातचा निसटतो. सहज दिसणाऱ्याची गणना जास्त झाली आणि त्यावरून नियम बनला. विद्यार्थ्यांना नमुना निवडीतील दोष समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. चित्रफितींत मात्र हा इतिहास औषधालाही नसतो.

नव्या नियमाचेही पुढे तेच झाले. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर जे दिसले ते जगभरचे म्हणून सांगितले जाऊ लागले. खुद्द ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर मुख्य वीण शरदात, मार्च-एप्रिलमध्ये होते. लाल समुद्राच्या उत्तर टोकाला एलात येथे श्लेसिंगर आणि लोया यांनी १९८५ साली दाखवून दिले की तेथे निरनिराळ्या जाती निरनिराळ्या महिन्यांत आणि चंद्राच्या निरनिराळ्या कलांना वितात. एका जातीतील वसाहतींची वेळ जुळते, जातीजातींची जुळत नाही. आपल्या देशात तुतिकोरिनजवळ मन्नारच्या आखातात अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांची वीण मार्चच्या सुमारास नोंदली गेली आहे. ग्रेट बॅरिअर रीफवरदेखील वीण अनेक रात्रींवर पसरते, आणि किनाऱ्यालगतची बेटे बाहेरच्या रीफपेक्षा महिनाभर आधी वितात असे आढळले आहे. 'एकाच रात्री' हे शब्द तेथेही टिकत नाहीत.

कोणी म्हणेल, रात्र एक की पाच, मुलांना काय फरक पडतो? फरक पडतो, आणि प्रवाळांना तर फारच पडतो. जागचा न हलणारा प्राणी जोडीदाराकडे जाऊ शकत नाही. अनेक जातींत एकाच मण्यात अंडी व शुक्राणू दोन्ही असतात. मणी स्निग्ध असल्याने पृष्ठभागावर येतो, फुटतो, आणि आतील अंड्यांना त्याच जातीच्या दुसऱ्या वसाहतीचे शुक्राणू मिळावे लागतात. मुदत काही तासांची. शेजारची वसाहत दुसऱ्या रात्री, किंवा त्याच रात्री दोन-तीन तास उशिरा वितली, तर दोघींचेही वर्ष वाया गेले.

हे केवळ तर्काने लिहीत नाही. त्याच एलातच्या समुद्रात टॉम श्लेसिंगर आणि योसी लोया यांनी २०१५ पासून चार वर्षे, जून ते सप्टेंबर या काळात २२५ रात्री पाण्यात घालवल्या. प्रत्येक खेपेस तीन ते सहा तास पोहत कोणत्या जातीच्या किती वसाहती वितल्या हे मोजले. काही सर्रास आढळणाऱ्या जातींची एकवेळ मोडली आहे, असा त्यांचा २०१९ सालचा निष्कर्ष आहे. आज चार वसाहती, परवा सात, पुढच्या आठवड्यात दोन, अशी विस्कळीत वीण. अशा जातींत मोठ्या वसाहती धडधाकट दिसत होत्या, पण नव्याने रुजलेली पिल्ले जवळजवळ सापडत नव्हती. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागचे एक संभाव्य कारण त्यांनी मांडले आहे.

चित्रफितीवरचा आमचा मुख्य आक्षेप येथे येतो. एलातच्या त्या प्रवाळांपैकी एकाचे जवळून चित्रीकरण केले तर काय दिसेल? तेच गुलाबी मणी, तोच उलटा पाऊस. पडदा भरून टाकणारी एक वसाहत निरोगी रीफवर आणि निर्वंश होत चाललेल्या रीफवर अगदी सारखी दिसते. कॅमेरा जितका जवळ जाईल तितका हा फरक पुसला जातो. तो दिसतो फक्त पाणबुड्याच्या पाटीवर, जेथे पेन्सिलीने लिहिलेले असते: तारीख, वेळ, पाहिलेल्या वसाहती अमुक, वितलेल्या तमुक. अशी पाटी पडद्यावर दोन मिनिटे दाखवणारी चित्रफीत आमच्या पाहण्यात आलेली नाही. ती येईपर्यंत शिक्षकांनी असलेलीच फीत दाखवावी, पण पूर्णचंद्राच्या दृश्याशी थांबवून वर्गाला विचारावे की ही कोणती तिथी, आणि यानंतरचे दृश्य कोणत्या तिथीचे असेल.